सांधे नातवाचे, दुवा आजीकडे

सोरायसिस लपवण्याकडे आपल्या समाजाचा कल आहे. मुलीचे लग्न अडेल, लोक संसर्गजन्य रोग समजतील, या धास्तीने कोपरावरचे किंवा डोक्यातले खवले घरच्यांपासूनही झाकले जातात. वास्तविक हा विकार स्पर्शाने पसरत नाही. त्याविषयीचे मौन मात्र पुढच्या पिढीला महाग पडू शकते. कारण सोरायसिस असलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना पुढे सोरायटिक संधिवात होऊ शकतो.

हा संधिवात वारशाने येतो का? वारशाने येते ती प्रवृत्ती. प्रत्यक्ष रोग होईलच असे नाही. त्यामागे एकच जनुक नसते. सहाव्या गुणसूत्रावरील ‘एचएलए’ जनुके शरीराच्या संरक्षणयंत्रणेला आपले आणि परके ओळखण्यास साहाय्य करतात. त्यांतील ‘एचएलए-बी२७’ या प्रकाराचा संबंध विशेषतः मणक्यांच्या दाहाशी आढळतो, तर ‘एचएलए-सी०६’ चा संबंध मुख्यतः लहान वयात सुरू होणाऱ्या त्वचेच्या सोरायसिसशी. एकाच घराण्यात एकाची त्वचा आणि दुसऱ्याचे सांधे का बिघडतात, याचे एक कारण या भेदात आहे. शिवाय लठ्ठपणा, सांध्याला झालेली दुखापत यांसारखी कारणेही या प्रवृत्तीला खतपाणी घालतात.

म्हणूनच कोणताही त्रास नसलेल्या नातवंडांची जनुकीय तपासणी करवून घेण्यात फारसा अर्थ नाही. ‘बी२७’ असलेले बहुसंख्य लोक आयुष्यभर निरोगी राहतात. तपासणीपेक्षा घराण्याचा खरा इतिहास अधिक उपयोगी पडतो.

तो किती उपयोगी, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅस्पर’ निकषांवरून कळते. सांध्यांचा दाह असलेल्या रुग्णाला या निकषांत किमान ३ गुण मिळाले, तर त्याचा आजार सोरायटिक संधिवात म्हणून गणला जातो. समजा, एका तरुणाचे बोट सबंध सुजले आहे: १ गुण. रक्तातील ‘आर. ए. फॅक्टर’ निगेटिव्ह आहे: आणखी १. त्वचेवर मात्र एकही चट्टा नाही. काही रुग्णांत सांधे आधी दुखतात आणि त्वचेचा विकार मागाहून दिसतो. अशा वेळी आई-वडील, भावंडे, आजी-आजोबा, काका, मामा, आत्या किंवा मावशी यांपैकी कोणाला सोरायसिस असल्यास तिसरा गुण मिळतो. तो देणारी माहिती कित्येकदा केवळ आजीलाच ठाऊक असते.

तेव्हा ज्येष्ठांनी ही माहिती मुला-नातवंडांना मोकळेपणाने सांगावी आणि ती कौटुंबिक आरोग्यवहीत लिहून ठेवावी. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा आखडलेपणा, सबंध बोटाची सूज, न हटणारी टाचदुखी किंवा नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे दिसल्यास संधिवाततज्ज्ञांना भेटावे. ज्येष्ठांचीही अशी दुखणी ‘वयोमानाने’ म्हणून सोडून देऊ नयेत. उपचाराला सहा महिन्यांचा उशीर झाला, तरी सांध्यांची कायमची हानी होण्याचा धोका वाढतो. वेळीच उपचार मिळाल्यास ती बव्हंशी टाळता येते.