जपायचं म्हणून किती जपायचं?

घरात कुणाला डायलिसिस सुरू झालं की त्या घराचं सगळं वेळापत्रकच बदलतं. आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याच्या गावी जायचं, चार-चार तास यंत्राला जोडून घ्यायचं आणि घरी येऊन गळून पडायचं. पाणी मोजून, मीठ मोजून. आणि अशा घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तुम्ही पडून राहा, मी करते सगळं."

मैत्रिणींनो, हे वाक्य मायेचंच असतं. पण हीच माया पेशंटच्या मुळावर येऊ शकते, हे आज बोलायला हवं.

मूत्रपिंडं निकामी झाली की भूक मरते, अंगातलं रक्त कमी होतं, डायलिसिसमध्ये थोडी प्रथिनंही निघून जातात. त्यातच हालचाल थांबली की मांड्या-पोटऱ्यांची ताकद भराभर ओसरते. मग माणूस भिंत धरून चालू लागतो, खाली बसलं की उठायला कुणाचा तरी हात मागतो. आपण म्हणतो, आजार बळावला. पण त्यातला काही भाग नुसत्या पडून राहण्याचा असतो!

हे काही माझ्या मनाचं नाही. इटलीत सुमारे तीनशे डायलिसिस पेशंटचा अभ्यास झाला, तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या पेशंटना घरच्या घरी चालायला सांगितलं होतं. फक्त दहा-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, तेही डायलिसिस नसलेल्या दिवशी. सहा महिन्यांनी ही मंडळी सहा मिनिटांत सरासरी 328 ऐवजी 367 मीटर चालू लागली. न चालणारे होते तिथंच राहिले. जर्मनीत तर डायलिसिस चालू असतानाच, पलंगावरच व्यायाम करून घेतला. 2023 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वर्षभराने व्यायाम करणारे मिनिटाला सोळाऐवजी एकोणीस वेळा खुर्चीतून उठू-बसू लागले, न करणाऱ्यांचा आकडा मात्र पंधराच्याही खाली घसरला.

उलट, ब्रिटनच्या 2021 च्या एका अभ्यासात डायलिसिसच्या वेळी सायकलचे पेडल मारून पेशंटना रोजच्या जगण्यात ठळक फरक जाणवला नाही. तिथं बऱ्याच जणांचा व्यायाम ठरल्याप्रमाणे झालाच नव्हता. म्हणजे व्यायाम ही जादू नाही. पेशंटला झेपेल एवढा, पण नेमाने झाला तरच त्याचा उपयोग.

सुरुवात मात्र डॉक्टरांना विचारूनच करायची. रक्तदाब खूप वर-खाली होत असेल, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, ताप असेल किंवा डायलिसिसची पाळी चुकली असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही. डायलिसिस चालू असताना करायचा तर साधारण पहिल्या दोन तासांतच, कारण नंतर रक्तदाब उतरू शकतो. सुया टोचलेला हात हलवायचा नाही. जांघेत नळी असेल तर पायांचे व्यायाम टाळायचे. मधुमेह असेल तर साखर एकदम उतरणार नाही आणि पायाला जखम होणार नाही, याकडे लक्ष हवं. आणि दमल्यावर तहान लागली तरी पाण्याचं माप तेच!

घरी काय करता येईल? पाऊल वर-खाली करणं, खुर्चीत बसून गुडघा सरळ करणं, खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं, अंगणात दोन फेऱ्या. बोलता बोलता करता येईल एवढंच. पुढच्या आठवड्यात एक फेरी वाढवायची. स्वतःचा टॉवेल स्वतः वाळत घालणं, पाण्याचा पेला स्वतः उठून घेणं, हेही त्यातलंच. आपण मदतीला धावण्याआधी क्षणभर थांबायला शिकायचं.

आणि पेशंट घरातली बाईच असेल तर? तिला "पडून राहा" म्हणणारं सहसा कुणी नसतं. "दिवसभर काम करते की, तोच व्यायाम," असं म्हणून तिचा विषय मिटतो. पण ओट्याशी उभं राहून दमणं वेगळं आणि पायांत बळ यावं म्हणून ठरवून चालणं वेगळं. तिला ती वीस मिनिटं द्यायची तर पोळ्या दुसऱ्या कुणीतरी लाटायला हव्यात. तिथं आपलं घर तयार आहे का?

सरकारनेही पुढचं पाऊल टाकायला हवं. 2016 मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांसाठी मोफत डायलिसिसची वाट मोकळी झाली. ही सोय मोठीच आहे. पण यंत्र रक्त शुद्ध करतं, पायांत बळ भरत नाही. आठवड्यातून एकदा तरी फिजिओथेरपिस्टने डायलिसिसच्या खोलीत चक्कर मारावी, प्रत्येक पेशंटला झेपेल असा व्यायाम लिहून द्यावा, पलंगाला लावता येतील असे एक-दोन पेडल तिथं असावेत. एवढ्यासाठी नवी इमारत लागत नाही.

महिला मंडळांनी, बचत गटांनी हे निवेदन द्यायला काय हरकत आहे? आणि त्याआधी, पुढच्या पाळीला पेशंटबरोबर जाल तेव्हा डब्याच्या पिशवीत एक कागद ठेवा. त्यावर डॉक्टरांसाठी एकच प्रश्न लिहा, "यांना कोणता व्यायाम चालेल, आणि किती?"