डेडलाइन चंद्राची, मग परतीची वाटही चंद्राचीच हवी

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला मीटिंग लावणाऱ्यांची घरी कुणी वाट बघत नसतं की काय, कोण जाणे! तर परवा अशीच एक मीटिंग झाली. आमच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह सहा आठवड्यांवर आलंय. टेस्टिंगला अजून दोन आठवडे द्या, एवढंच आमचं मागणं होतं. उत्तरादाखल साहेबांनी एक स्लाइड लावली. स्लाइडवर चंद्र. "नासानं १९६८ च्या ऑगस्टमध्ये ठरवलं आणि डिसेंबरमध्ये माणसं चंद्राला फेऱ्या मारून आली. आणि आपल्याला साधं डेटा मायग्रेशन जमत नाही?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याचा राग यायला लागला. कारण अपोलो ८ ही माझी कॉलेजपासूनची आवडती गोष्ट, आणि साहेबांनी तिची नेमकी अर्धीच बाजू सांगितली होती.

ती अर्धी बाजू खरी आहे, हे आधी कबूल करतो. चंद्रावर उतरायचं यान, म्हणजे ल्युनर मोड्यूल, वेळेत तयार होत नव्हतं. ९ ऑगस्ट १९६८ ला जॉर्ज लो या नासाच्या मॅनेजरनं सुचवलं की ते नाही तर नाही, त्याच्याशिवाय सरळ चंद्रापर्यंत जाऊन येऊ. २१ डिसेंबरला बोरमन, लव्हेल आणि अँडर्स निघाले. साडेचार महिनेसुद्धा झाले नव्हते. त्याआधी सॅटर्न ५ हे रॉकेट फक्त दोनदा उडालं होतं, दोन्ही वेळा माणसांशिवाय, आणि दुसऱ्या वेळी त्यानं चांगलाच घोळ घातला होता. ऐकायला एकदम भन्नाट वाटतं. 'करून टाकू यार' टाइप!

आता दुसरी बाजू.

पहिली गोष्ट म्हणजे लोचा 'ठरवलं' याचा अर्थ 'काहीही झालं तरी जायचंच' असा नव्हता. ऑक्टोबरमध्ये अपोलो ७ माणसांना घेऊन पृथ्वीभोवती फिरून येणार होतं. ते नीट पार पडलं तरच पुढे, नाहीतर अपोलो ८ पण पृथ्वीभोवतीच फिरणार. अपोलो ७ नीट पार पडलं, आणि चंद्राचा बेत जाहीर झाला तो थेट १२ नोव्हेंबरला. उड्डाणातसुद्धा तेच. आधी पृथ्वीभोवती फिरा, सगळं तपासा, मग चंद्राकडे निघायची परवानगी. निघाल्यावरचा मार्गही असा आखलेला, की पुढे काहीच केलं नाही तरी यान चंद्राला वळसा घालून आपोआप पृथ्वीकडे परत यावं. याला 'फ्री रिटर्न' म्हणतात. मला हा शब्द भयंकर आवडतो. काहीच करता आलं नाही तर काय होईल? घरी परत. आपल्याकडे काहीच करता आलं नाही तर काय होतं? कॉन्फरन्स कॉल!

चंद्राच्या कक्षेत शिरायचं तर हा आपोआप परतीचा मार्ग सोडावा लागतो. कारण तिथून बाहेर पडायला एकच मोठं इंजिन, त्याला पर्याय नाही. म्हणून ते वाटेतच जेमतेम अडीच सेकंद चालवून बघितलं. जोर अपेक्षेपेक्षा किंचित कमी मिळाला. तो का, हे जमिनीवरच्या लोकांनी शोधून काढलं, आणि मगच पुढचा होकार दिला. धोका घेतलाच, पण कोणता धोका, कुठल्या मिनिटाला आणि कुणाच्या होकारानं, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. ह्यूस्टनहून अंतराळवीरांना आकड्यांच्या याद्या वाचून दाखवल्या जायच्या. संपर्क तुटला, तर परत येण्यासाठी कुठल्या क्षणी, यानाचं तोंड कुठे करून, किती वेळ इंजिन चालवायचं त्याचे आकडे. ते कागदावर लिहून घ्यायचे आणि परत वाचून दाखवायचे, म्हणजे लिहिण्यात चूक झाली असेल तर कळावी. मुद्दा असा की हे आकडे गरज पडायच्या आधी द्यायचे. बहुतेक याद्या कधीच वापराव्या लागल्या नाहीत. वाया गेलेलं काम? मला तर ते सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं.

परतीच्या मार्गाचं गणित करणाऱ्यांत एक पंचवीस वर्षांची मुलगी होती, पॉपी नॉर्थकट. ती नासाची नाही, टीआरडब्ल्यू या कॉन्ट्रॅक्टर कंपनीची. म्हणजे आपल्यासारखीच 'व्हेंडर'ची माणूस! टीव्हीवर दिसणाऱ्या त्या मोठ्या हॉलमागच्या सपोर्ट रूममध्ये ती बसायची. सपोर्ट प्रोजेक्ट मिळाला म्हणून तोंड पाडणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे नेहमी ऐकवतो.

तिसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. ४ एप्रिल १९६८ ला, अपोलो ६ च्या वेळी, सॅटर्नच्या दुसऱ्या टप्प्यातली पाचपैकी दोन इंजिनं मध्येच बंद पडली. एकाची इंधनाची बारीक नळी कंपनांनी तुटली होती. त्याला बंद करायचा सिग्नल गेला, पण वायरींची अदलाबदल झालेली, म्हणून शेजारचं चांगलं इंजिनही बंद पडलं. आणि ती नळी जमिनीवरच्या चाचण्यांत का तुटली नाही? कारण जमिनीवर हवा असते. आत अतिथंड हायड्रोजन, त्यामुळे बाहेरून नळीवर बर्फाचा थर धरायचा आणि तोच कंपनं दाबून टाकायचा. वर, हवा नसलेल्या जागी, बर्फच नाही. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' याचं इतकं सुंदर उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या लोकांनी ते निर्वात जागेत पुन्हा करून बघितलं, नळी पुन्हा तुटलेली पाहिली, डिझाइन बदललं, आणि मग त्या रॉकेटवर माणसं बसवली.

हे का टोचतं ते सांगतो. गेल्या वर्षी, आधीच्या एका प्रोजेक्टवर, रिलीजच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ होती, 'रोलबॅक टेस्ट केला? हो / नाही'. मी 'हो' लिहिलं. टेस्ट सर्व्हरवर, चिमूटभर डेटावर, स्क्रिप्ट चाललीही होती. रिलीजच्या रात्री खऱ्या डेटावर ती अर्ध्यात अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. दोन रात्री आम्ही तिथेच होतो. शेवटी नाइट शिफ्टच्या एका मुलाला प्रोजेक्टवरून काढलं. त्याची पहिलीच नोकरी होती. बटण त्यानं दाबलं होतं. 'हो' मी लिहिलं होतं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

अपोलो ८ मध्येसुद्धा चुकीचं बटण दाबलं गेलं, बरं का. परतीच्या वाटेवर लव्हेलनं चुकून 'प्रोग्रॅम ०१' सुरू केला. तो उड्डाणाच्या आधीचा प्रोग्रॅम, त्यामुळे कॉम्प्युटरला वाटलं आपण अजून जमिनीवरच आहोत. आपली दिशा कुठली, हेच तो विसरला. ही चूक होऊ शकते हे एमआयटीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टनला आधीच माहीत होतं, कारण तिच्या लहान मुलीनं सिम्युलेटरवर खेळताना नेमकं तेच केलं होतं. तिनं सुचवलं की यासाठी एक चेक टाकू. उत्तर मिळालं, अंतराळवीर इतके तयार असतात की असली चूक करणारच नाहीत. 'युजर असं करणारच नाही', हे वाक्य आपण महिन्यातून कितीदा ऐकतो? म्हणजे नासामध्येही साहेब होतेच :) पण लव्हेलनं तारे बघून यानाची दिशा पुन्हा बसवली, खालच्या लोकांनी मदत केली, आणि २७ डिसेंबरला तिघं सुखरूप उतरले. त्यानंतर 'कुणी दाबलं' यावर कुणाची नोकरी गेली नाही. हॅमिल्टनला तो चेक टाकायची परवानगी मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, तिथे तीन माणसांचे जीव होते. इथे फार तर कुणाची बिलं अडकतील. अगदी मान्य. पण मग डेडलाइनसाठीही चंद्राचं नाव घेऊ नका ना! साडेचार महिने त्यांच्याकडून घ्यायचे आणि फ्री रिटर्न, आधी लिहून दिलेले आकडे, निर्वातातली चाचणी हे सगळं तिथेच सोडून यायचं, हे काही धाडस नव्हे. ती नुसती घाई. धाडस करणाऱ्याला परत कसं यायचं हे माहीत असतं. घाई करणाऱ्याकडे त्या प्रश्नाला वेळ नसतो.

काल रात्री साहेबांना एक मेल लिहून ठेवलाय. प्रश्न तीनच. मागे फिरायचा निर्णय कुठल्या टप्प्यावर आणि कुणी घ्यायचा? रोलबॅक पूर्ण डेटावर करून बघायला दोन दिवस मिळतील का? आणि त्या रात्री बटण दाबणाऱ्याच्या हातात काय लिहून दिलेलं असेल?

खाली गेल्या वर्षीच्या त्या 'हो'बद्दलही चार ओळी लिहिल्यात. त्या मुलाच्या नावासकट. त्या दोनदा काढल्या, दोनदा परत टाकल्या. आता रविवारची रात्र आहे, आणि त्या अजून मेलमध्येच आहेत. सकाळी ऑफिसला पोचायच्या आत पाठवून टाकतो, म्हणजे पुन्हा काढता येणार नाहीत.