मोटारीला रिले, घराला काय?

आज पिकाचं नाही, घराच्या वायरिंगचं लिहितोय. पण विषय कापसावरूनच निघालाय.

आमचं घर माळवदाचं. लाकडी तुळया, वर माती. वायरिंग आबांनी गावात वीज आली तेव्हा करून घेतलेली, लाकडी पट्टीवरची. भाव वाढेल म्हणून यंदाचा कापूस माजघरात भरलाय, तुळईला टेकेल एवढा. परवा रात्री जळका वास आला. बघतो तर बोर्डातल्या जोडावरचं रबर वितळून काळं पडलेलं. कापूस तिथून दोन हातांवर!

किटकॅट उपसून पाहिलं. फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याच्या वायरीचे चार-पाच पदर पिळून घातलेले. कुणी घातले? मीच. पावसाळ्यात, घाईत.

ही वायरिंग चार बल्ब, एक पंखा आणि रेडिओसाठी होती. आता फ्रीज, मिक्सर, गिझर तिच्याच गळ्यात. दोन हजार वॅटचा गिझर एकटाच २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. जुनं रबर वाळून तडकलंय, त्यात उंदीर.

आबा म्हणतात, "इतकी वर्षं काही झालं का? आणि दोन वर्षांत नवं घर बांधायचंय, इथं पैसा कशाला घालतो?" बरोबर आहे. फक्त ही दोन वर्षं आम्ही सहा वर्षांपासून मोजतोय.

बोअरच्या मोटारीला आपण स्टार्टर, ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर सगळं बसवतो. मोटार जळली तर रिवाइंडिंग होतं हो. लेकरं झोपतात त्या खोलीला मात्र पिळलेली तार.

एका वायरमननं स्वस्तातला उपाय सांगितला: वायर राहू द्या, नुसत्या एमसीबी टाका. मला हे पटलं नाही. बारीक, जुन्या वायरीवर ३२ अँपिअरची एमसीबी टाकली तर आधी वायर तापेल, एमसीबी गप्प बसेल. शिवाय एमसीबी लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर पडते, माणसाला शॉक बसल्यावर पडेलच असं नाही. त्याला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी वेगळी लागते. ओल्या भिंतीत ती सारखी पडते म्हणून लोक काढून टाकतात. अरे, ती पडतेय म्हणजे करंट कुठंतरी गळतोय, ते शोधा ना!

दुसऱ्या वायरमननं पूर्ण कामाचे ३२ हजार सांगितले. वरून केसिंग पट्टी, म्हणजे मातीच्या भिंती फोडायला नकोत. दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गिझरला चार एमएमची वेगळी लाइन, आणि नवं अर्थिंग. पेटी, एमसीबी, आरसीसीबी पुढं नव्या घरात नेता येतील. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८११० धरला तर हा चार क्विंटल कापूस झाला. व्यापारी त्याहून कमीच देतोय, तरी मी थांबणार नाही. आबांना ते पटलेलं नाही, दोन दिवस बोलत नाहीत माझ्याशी.

सोमवारी गाडी भरतोय. तोवर माजघराचा फ्यूज काढून ठेवलाय आणि बॅटरीवर काम चाललंय.