संशोधनाचे मोजमाप कुणासाठी?

संशोधकाचे मूल्यमापन हा वरकरणी विद्यापीठाच्या चार भिंतींतला प्रश्न वाटतो. यवतमाळ जिल्ह्यात मात्र तो शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचतो. २०१७ च्या खरिपात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले; शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. फवारणीची मजुरी किती, हातमोजे कुणी द्यायचे, डब्यावरची सूचना मजुराला वाचता येते काय, हे गावोगाव विचारून नोंदविणे अर्थशास्त्राचेच काम आहे. परंतु ते करणाऱ्या प्राध्यापकाच्या पदरात काय पडते?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये शिक्षकांची कामगिरी गुणांकांत बांधली. २०१८ च्या नियमावलीने सामाजिक शास्त्रांतील एका शोधनिबंधास १० गुण ठरविले. धोरणविषयक दस्तऐवज आंतरराष्ट्रीय संस्थेस सादर केल्यास १०, केंद्र शासनास ७ आणि राज्य शासनास ४ गुण. ग्रामसभेसाठी रकानाच ठेवला नाही! ज्याच्याविषयी संशोधन करावयाचे, तोच या उतरंडीत कुठे नाही.

गुणांना भाव आला, तसा त्यांचा बाजारही भरला. पैसे घेऊन निबंध छापणारी नियतकालिके फोफावली. मे २०१८ मध्ये आयोगानेच आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. २०१९ मध्ये ‘केअर’ ही नवी यादी आली. २०२५ मध्ये तीही गुंडाळण्यात आली. याद्या बदलल्या; निबंध वाचण्याची जबाबदारी मात्र कुणी स्वीकारली नाही.

गुणांक हटविल्यास वशिलेबाजी माजेल, हा आक्षेप पोकळ नाही. संस्थाचालकांच्या मर्जीवर ज्याची नोकरी अवलंबून, त्या ग्रामीण महाविद्यालयातील शिक्षकाला आकड्याचा आधार वाटावा, हे स्वाभाविक आहे. पण वशिल्यावरचा उतारा आंधळी मोजणी नव्हे, उघड परीक्षण हा आहे. उमेदवाराने आपली तीन निवडक कामे सादर करावीत. बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी ती वाचून सकारण लेखी मत द्यावे. ते मत जाहीर व्हावे. ज्यांच्या जीवनावर संशोधन झाले, त्यांच्यापुढे निष्कर्ष त्यांच्या भाषेत मांडले की नाही, हेही तपासावे.

साबणाची वडी विकत घेणारा शेतमजूरही अप्रत्यक्ष कर भरतो. विद्यापीठांच्या खर्चात त्याचा वाटा आहे. त्या वाट्याचा हिशेब त्याने मागितला, तर गुणांकांचा तक्ता त्याच्यापुढे धरून भागणार नाही.