उसने खेळाडू, आपला क्लब

परवा भाचा घरी आला होता. वय वर्षं १९, त्यामुळे त्याला सगळंच माहीत असतं. इंग्लिश फुटबॉलवरून विषय निघाला. कुठल्याशा क्लबाच्या नव्या मालकांनी लोनवर खेळाडूंची रांग लावली म्हणून तिथले जुने पाठीराखे कुरकुरतायत, असं तो सांगत होता. "मामा, मला एक कळत नाही. टीम जिंकतेय, वरच्या लीगमध्ये जायची संधी आहे, मग हे लोक रडतात कशाला?"

मी हसलो. कारण अगदी हाच प्रश्न मी २०१२ साली विचारला होता आणि त्यावर एका म्हाताऱ्या माणसाशी वर्षभर भांडलो होतो.

तेव्हा मी कंपनीच्या कामासाठी वॉटफर्डला होतो. लंडनच्या वायव्येला, युस्टनहून गाडी पकडली की वीसेक मिनिटांत येणारं हे गाव. एकेकाळी छापखान्यांसाठी प्रसिद्ध. माझे घरमालकही छापखान्यातूनच निवृत्त झालेले, सत्तरीच्या पुढचे. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणायचो. व्हिकरेज रोडच्या मैदानावर त्यांची जागा वर्षानुवर्षं ठरलेली. त्यांच्या लेखी क्लब म्हणजे एल्टन जॉन आणि ग्रॅहम टेलर. गायक एल्टन जॉन १९७६ला अध्यक्ष झाला, पुढच्या वर्षी त्याने टेलरना व्यवस्थापक म्हणून आणलं आणि पाच मोसमांत चौथ्या डिव्हिजनमधला क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचला. १९८२-८३मध्ये थेट दुसरा क्रमांक, १९८४मध्ये एफए कपची फायनल. ही गोष्ट मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकली असेल याची गणती नाही.

२०१२च्या उन्हाळ्यात इटलीच्या पोझो कुटुंबाने वॉटफर्ड विकत घेतला. यांच्याकडे १९८६पासून इटलीतला उदिनेसे होता आणि २००९पासून स्पेनमधल्या ग्रॅनडाची सूत्रंही. ग्रॅनडाला त्यांनी उदिनेसेचे खेळाडू लोनवर देऊन लागोपाठ दोन वर्षांत तिसऱ्या पायरीवरून स्पेनच्या सर्वोच्च लीगमध्ये नेलं होतं. आता तोच प्रयोग वॉटफर्डवर. आधीचे व्यवस्थापक शॉन डाइच गेले, जियानफ्रांको झोला आले आणि पाठोपाठ उदिनेसे-ग्रॅनडाकडून खेळाडू येऊ लागले. विद्रा, आब्दी, कासेत्ती, आन्या, पुदिल... लोनवरच्या खेळाडूंची संख्या बघता बघता डझनाच्या वर गेली.

हे नियमात बसत होतं का? बसत होतं. इंग्लंडमधल्याच क्लबांकडून लोनवर घेतलेले फार तर पाच खेळाडू सामन्याच्या दिवशी संघात ठेवता येत. पण परदेशी क्लबाकडून आलेला लोन हा बदलीसारखाच धरला जाई, त्याला ही मर्यादा लागू नव्हती. इतर क्लबांना तीन खंडांत शोधूनही जे मिळालं नसतं ते पोझोंना घरातल्या घरात मिळत होतं. एका खिशातून दुसऱ्या खिशात.

आजोबा सुरुवातीपासून नाराज. "ही आमची टीम नाही," त्यांचं म्हणणं. "ही उदिनेसेची शाखा आहे. उद्या तिकडे कुणी जखमी झाला की इकडचा बोलावून घेतील. आमच्या अकादमीतल्या पोरांनी काय करायचं? बाकावर बसून इटालियन शिकायचं?" त्यांच्या मित्रमंडळींत दोन तट पडले होते. दुसऱ्या तटाचं म्हणणं असं की आधीच्या मालकाच्या काळात क्लबाचं काय होणार याचीच धास्ती होती, आता निदान बिलं भरली जातायत आणि वर इतका देखणा खेळ बघायला मिळतोय. तक्रार कसली करता?

मी दुसऱ्या तटात. हिरिरीने. आणि त्याचं कारण फुटबॉल नव्हतं, हे मला तेव्हाही आतून ठाऊक होतं.

मी स्वतःच लोनवर होतो ना! पगार पुण्यातली कंपनी देणार, काम इथल्या क्लायंटचं करणार. गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी सुद्धा वेगळ्या रंगाची. परत कधी जायचं ते पुण्यात ठरणार, मला फक्त ईमेल येणार. त्यामुळे आजोबा 'हे भाड्याचे लोक' म्हणाले की मला ते विद्राबद्दल बोलतायत असं वाटतच नसे. "भाड्याचा असला तरी पाय त्याचेच आहेत, घामही त्याचाच आहे," मी तावातावाने म्हणायचो. ते चहाचा कप पुढे करायचे आणि विषय थांबायचा.

मोसम मात्र असा काही रंगला की विचारू नका. विद्राने लीगमध्ये २० गोल केले. चॅम्पियनशिप म्हणजे तिथली दुसरी पायरी. पहिले दोन क्लब थेट प्रीमियर लीगमध्ये जातात, तिसरा ते सहावा तेव्हा प्ले-ऑफ खेळत. शेवटच्या दिवशी, ४ मे २०१३ला, वॉटफर्डला थेट बढतीची संधी होती. पण मुख्य गोलकीपर अल्मुनिया सरावातच जायबंदी, दुसरा सामन्यात जखमी, मग तिसऱ्या क्रमांकाचा १९ वर्षांचा मुलगा उभा करावा लागला. लीड्सकडून १-२ हार आणि तिसरा क्रमांक.

मग १२ मेचा लेस्टरविरुद्धचा सामना. तो अजूनही लोक दाखवतात. ९० मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत लेस्टरला पेनल्टी. गोल झाला असता तर वॉटफर्ड बाहेर. अल्मुनियाने ती अडवली, परत आलेला चेंडूही अडवला. तिथून चेंडू निघाला तो आन्या, फोरेस्तिएरी, मग हॉगने डोक्याने खाली दिला आणि ट्रॉय डीनीने जाळ्यात मारला. वीसेक सेकंदांचा खेळ. त्या धावपळीत पोझोंनी आणलेले होते आणि ते येण्याआधीपासून क्लबात असलेले हॉग-डीनीही होते. दुपारी आजोबा घरी आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी मला मिठी मारली. इंग्लिश माणसाने, स्वयंपाकघरात, मिठी!

२७ मेला वेम्बलीवर फायनल, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. जिंकणाऱ्याला सुमारे १२ कोटी पौंडांचा फायदा, असं वर्तमानपत्रं लिहीत होती. जादा वेळेत कासेत्तीने पॅलेसच्या विल्फ्रेड झाहाला पाडलं, पेनल्टी मिळाली, ३९ वर्षांच्या केविन फिलिप्सने ती मारली. ०-१. संपलं.

आता गंमत बघा. झाहाला जानेवारीतच मँचेस्टर युनायटेडने विकत घेतलं होतं, तो पॅलेसकडे लोनवर खेळत होता. आणि फिलिप्स? तो ब्लॅकपूलकडून लोनवर! त्याहून वर म्हणजे त्याच्या कारकिर्दीची सुरुवात वॉटफर्डमधली. म्हणजे ज्या क्लबाला वर्षभर 'उसन्यांचा संघ' म्हणून हिणवलं, त्याला शेवटी हरवलं ते दोन उसन्यांनीच.

मी हे आजोबांना ऐकवलं. जिंकल्याच्या थाटात. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "झाहा पॅलेसच्या अकादमीतला पोरगा आहे. कागद कुणाकडेही असो, तो त्यांचाच आहे. तो जाईल तेव्हा त्यांच्याकडे त्याचे पैसे तरी उरतील. आमचा विद्रा गेला की काय उरणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण त्याच महिन्यात ऑफिसात एक गोष्ट घडली होती. तिथल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला त्यांची सगळी प्रणाली शिकवली होती. 'नॉलेज ट्रान्सफर' असं गोंडस नाव होतं त्याला. सहा महिने रोज दोन तास, कधी न कंटाळता. ते संपलं आणि त्याची जागा रद्द झाली. शेवटच्या दिवशी तो माझ्याशी हात मिळवून गेला, चेहऱ्यावर राग नव्हता. पुढे काही महिन्यांनी मला पुण्याहून ईमेल आली आणि मीही परत आलो. त्या टेबलावर ना तो उरला, ना मी.

तेव्हा कुठे मला आजोबांचं म्हणणं कळलं. त्यांची तक्रार विद्रावर नव्हतीच. त्याच्या प्रत्येक गोलला ते उभे राहून ओरडत होते. तक्रार होती ती अशा व्यवस्थेवर, जिथे येणं-जाणं तिसऱ्याच गावात ठरतं आणि गेल्यावर मागे काही उरेल याची हमी कुणी देत नाही. मी मात्र ती आपल्या अंगावर ओढून घेत होतो.

पुढे काय झालं तेही सांगतो. २०१३च्या उन्हाळ्यात फुटबॉल लीगच्या क्लबांनी नियम बदलला, परदेशी लोनही मर्यादेत आणले. माझ्या मते ते योग्यच झालं, आणि त्याचा फायदा वॉटफर्डलाही झाला. आब्दी, कासेत्ती, आन्या, पुदिल कायमचे वॉटफर्डचे झाले. विद्रा मात्र गेला, वेस्ट ब्रॉमला, पुन्हा लोनवर. २०१४-१५ला तो परत आला, अर्थात लोनवरच. २५ एप्रिल २०१५ला ब्रायटनमध्ये २-० जिंकून वॉटफर्डने बढती पक्की केली. एक गोल २०१०पासून क्लबात असलेल्या डीनीचा, दुसरा उसन्या विद्राचा. मला तर हा न्यायनिवाडाच वाटला.

अर्थात म्हणून मालक संत ठरत नाहीत. त्याच मोसमात त्यांनी चार व्यवस्थापक वापरले आणि पुढेही तो सपाटा चालूच राहिला. २०२०ला क्लब खाली आला, २०२१ला वर गेला, २०२२ला पुन्हा खाली. पाठीराखे तेवढे जागच्या जागी.

असो. भाच्याला मी एवढंच सांगितलं, की उसने किती हे मोजू नकोस. ते परत गेल्यावर क्लबात काय शिल्लक राहणार आहे, हे मालकाला विचार. जुने पाठीराखे रडत नसतात रे, ते हाच प्रश्न विचारत असतात. विचारण्याची पद्धत जरा वाईट असते, इतकंच.

त्याला पटलं असं दिसलं नाही. मलाही १२-१३ साली पटलं नव्हतं.