दमयंतीने घेतलेली परीक्षा

वटपौर्णिमेच्या निमित्ताने परवा दारव्ह्यात एका वक्त्यांनी दमयंतीची थोरवी सांगितली. नवरा रानात टाकून गेला, तरी ती त्याची वाट पाहत राहिली, म्हणून ती थोर. टाळ्याही पडल्या. निष्ठा म्हणजे मुकाट सोसणं, या समजुतीवर मी या जागेत पुष्कळ लिहिलं आहे. ते पुन्हा उगाळत नाही. पण दमयंती आपल्या विदर्भाची, कुंडिनपूरची लेक. तिच्याबद्दल तरी इथं असं बोललं जाऊ नये.

तिचा नवरा नळ द्यूतात हरत चालला तेव्हा तिने आधी दोन्ही लेकरं सारथ्याबरोबर माहेरी पोचती केली. स्वतः मात्र नेसत्या वस्त्रानिशी नवऱ्याबरोबर रानात गेली. तिथे त्याने तिचंच अर्धं वस्त्र कापून घेतलं आणि ती झोपेत असताना तो निघून गेला. माहेरी परतल्यावर तिने गावोगाव ब्राह्मण पाठवले, नळालाच कळेल असा प्रश्न त्यांना पढवून. अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक नावाचा कुरूप सारथी आहे आणि त्या प्रश्नाने तो हेलावला, एवढा सुगावा लागताच तिने निरोप धाडला: दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्या आहे. एका दिवसात अयोध्येहून विदर्भात रथ आणील असा माणूस जगात एकच, नळ. हा बेत तिने आईला सांगितला, वडिलांना कळू दिला नाही. रथ आल्यावरही तिने लगेच विश्वास टाकला नाही. दासीला पाळतीवर ठेवलं, बाहुकाच्या हातचं मांस चाखून पाहिलं, मुलांना त्याच्यासमोर पाठवलं.

होमरच्या ‘ओडिसी’तली पेनेलोपी हिची सख्खी बहीण शोभावी. सासऱ्याचं कफन दिवसा विणायचं आणि रात्री उसवायचं, ही मागणीदारांना टाळण्याची तिची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. मला तिची शेवटची युक्ती मोठी वाटते. वीस वर्षांनी नवरा ओडिसियस परतला, घरात ठाण मांडून बसलेल्या 108 मागणीदारांना त्याने मारलं, तरी ती त्याच्या गळ्यात पडली नाही. त्याच्यादेखत तिने दासीला पलंग खोलीबाहेर काढून अंथरायला सांगितलं. तो उसळला, कारण जमिनीत मुळं असलेल्या ऑलिव्हच्या झाडाचा खुंट घडवून त्याने स्वतः तो पलंग केला होता. तो हलणारच कसा? त्या रागातून तिला नवऱ्याची ओळख पटली.

दोघींनीही असा सापळा लावला, ज्यात फक्त खरा नवराच सापडेल. प्रेमाला इतकी बुद्धी लागते, हे महाभारत आणि ‘ओडिसी’ या दोन्ही महाकाव्यांना ठाऊक होतं. आपल्या व्याख्यानांतून नेमकी तीच गळते. हिशेबही एकाच बाजूचा मांडला जातो. ओडिसियस सात वर्षं कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर आणि एक वर्ष किर्के या चेटकिणीच्या घरी राहिला. टाकून गेलेला नळ भेटल्यावर दमयंतीलाच विचारतो, की दुसरा नवरा करायला तू निघालीस तरी कशी.

हे मला जुन्या पोथीतलं वाटत नाही. आपल्या जिल्ह्यात नवरा गेल्यावर कर्ज, कापूस आणि लेकरं एकटीने सांभाळणाऱ्या किती जणी आहेत, हे वाचकांना मी सांगायला नको. त्यांच्या निष्ठेचं कौतुक सगळे करतात. सातबाऱ्यावर नाव चढवायची वेळ आली की दीर आणि सासरे आडवे येतात. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून जमीन बायकोच्या नावे करायला सांगितलं होतं. तो विषय मी सोडणार नाही.

नळाच्या गोष्टीत पुढे आणखी एक प्रसंग आहे, तो त्या व्याख्यानात आलाच नाही. पहिल्या द्यूतात नळाचा भाऊ पुष्कर याने दमयंतीला पणाला लावायला सुचवलं, तेव्हा नळाने ते केलं नव्हतं. एवढ्या शोधानंतर, एवढ्या परीक्षेनंतर ती त्याला परत मिळाली. मग हरलेलं राज्य परत जिंकायला तो पुन्हा पुष्करसमोर फासे घेऊन बसला, आणि या वेळी त्याने आपण होऊन तिला पणाला लावलं. तिला विचारल्याचा उल्लेख नाही.