आठ हजारांचा कीबोर्ड आणि जेवणाचं टेबल

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी दादा, वहिनी आणि भाचा पोहे-जिलबी घेऊन दारात उभे राहिले, तेव्हाच मी ओळखलं की आज काहीतरी निवाडा करायचाय. इंदूरमध्ये आपल्या माणसांकडे पोहे बांधून कोणी नेत नाही. पोहे सगळ्यांच्या घरी असतातच.

वहिनीने बसायच्या आधीच सुरुवात केली. "अगं, तूच सांग याला. नोकरी लागून चार महिने झाले नाहीत आणि बारा हजारांचा कीबोर्ड घ्यायचा म्हणतो. वर नऊ हजारांचा माऊस! एकवीस हजारांत घरात वॉशिंग मशीन येतं."

भाचा तयारीनेच आला होता. "आत्या, मी दिवसाचे नऊ तास त्यावर काम करतो. आई पोळ्या करते तर तिला तवा चांगला लागतो ना? मग माझा कीबोर्ड चांगला नको?"

दोघांचंही मला पटलं, म्हणून मी आधी चहा टाकला. दादाने नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र उघडलं.

पंच म्हणून माझी निवड होण्याचं कारण सांगते. मी घरी बसून भाषांतराचं काम करते, म्हणजे माझं पोट कीबोर्डवरच चालतं. आणि या प्रश्नात मी एकदा चांगलीच फसले आहे. ती गोष्ट घरात सगळ्यांना अर्धीच माहीत होती. त्या दिवशी पूर्ण सांगितली. इथेही सांगते, कारण आपल्यातली बरीच तरुण मंडळी आता घरून काम करतात.

अडीच वर्षांपूर्वी माझं उजवं मनगट दुखायला लागलं. आधी संध्याकाळी ठणकायचं, मग सकाळी उठल्यापासून. शेवटी चहाची कढई उचलवेना. आमचे पैसे शब्दांवर मिळतात. हात थांबला की कमाई थांबते. तीन आठवडे काम बंद ठेवावं लागलं आणि एक मोठं काम हातचं गेलं. घाबरून मी रात्री-रात्री मोबाइलवर शोधत बसायची. सगळीकडे एकच सल्ला दिसायचा, चांगला मेकॅनिकल कीबोर्ड घ्या. साठवलेल्या पैशांतून साडेआठ हजारांचा मागवला.

पहिल्या दिवशी काय आनंद झाला! एकेक अक्षर टक्‌ टक्‌ वाजत उमटत होतं. रात्री अकराला शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, "पत्र्यावर पाऊस लागलाय का गं?" दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं काम बंद. आणि मनगट? ते होतं तसंच दुखत राहिलं.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. मी नव्या कीबोर्डचं कौतुक सुरू केलं, तर त्या म्हणाल्या, "कीबोर्ड राहू द्या, तुम्ही बसता कुठे त्याचा फोटो दाखवा." मी जेवणाच्या टेबलावर बसत होते. ते टेबल जमिनीपासून तीस इंच आणि माझी खुर्ची बुटकी. म्हणजे खांदे दिवसभर वर उचललेले आणि मनगटं मागे वाकलेली. त्यात कीबोर्डचे मागचे दोन पाय मी हौसेने उभे केले होते, त्याने मनगट आणखी वाकत होतं. शिवाय कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन असतो, त्याच्या पलीकडे माऊस. तो धरायला हात दिवसभर लांब ताणलेला. मी वर्षातून दोनदा हिशेब करते. त्या सतरा बटणांसाठी उजवा खांदा रोज राबत होता.

उपाय काय, तर खुर्चीवर जाड उशी, पायाखाली देवघरातला जुना पाट, कीबोर्डचे पाय मिटलेले आणि कोपर साधारण काटकोनात. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवला, म्हणजे मान सरळ राहते. दर पाऊण तासाला उठायचं. सोबत सहा आठवडे व्यायाम. दुखणं उतरलं. या सगळ्यात साडेआठ हजारांच्या कीबोर्डचं काम शून्य होतं.

कुणाच्या बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर खरेदी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. मी ते उशिरा केलं.

इथपर्यंत ऐकून वहिनीचा चेहरा खुलला होता. पण मी म्हटलं, थांब, अजून अर्धंच झालंय.

महाग कीबोर्डमध्ये काहीच नसतं असंही नाही. चार-पाचशे रुपयांच्या साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराची एक चादर असते, तिला प्रत्येक बटणाखाली घुमट. त्याखाली प्लॅस्टिकचे पातळ थर असतात, त्यांवर सर्किट छापलेलं. बटण जवळजवळ तळापर्यंत दाबलं की थर एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. वर्ष-दोन वर्षांत रबर थकतं, काही बटणं जड होतात, काही चिकटतात.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग. चेरी या जर्मन कंपनीने १९८०च्या दशकात आणलेले एमएक्स स्विच हा त्यातला नमुना समजला जातो. बटण एकूण चार मिलिमीटर खाली जातं, पण दोन मिलिमीटरवरच अक्षर उमटतं. प्रत्येक वेळी तळाला आपटावं लागत नाही. सवय झाली की बोटं हलकी चालतात. लाल रंगाचा स्विच सरळ खाली जातो, निळा टक्‌ असा वाजतो (आमच्याकडचा पाऊस तो हाच), आणि तपकिरी मध्ये किंचित अडतो पण वाजत नाही. एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांनी निळ्याच्या वाटेला जाऊ नये हा माझा अनुभवाचा सल्ला.

चेरीच्या मूळ डिझाइनचं पेटंट साधारण दहा वर्षांपूर्वी संपलं. मग गेटरॉन, कैल अशा चिनी कंपन्यांनी तसेच स्विच स्वस्तात बनवायला घेतले. म्हणून जी बोटांची सोय एके काळी फक्त महागात मिळायची ती आज अडीच-तीन हजारांत मिळते. काही कीबोर्डांत स्विच चिमट्याने उपटून नवा बसवता येतो, त्याला हॉट-स्वॅप म्हणतात. एक बटण बिघडलं तर दहा-वीस रुपयांचा स्विच बदलायचा, अख्खा कीबोर्ड नाही. आपल्या आजी-आजोबांना पटली असती अशी गोष्ट आहे ही.

मग तीन हजार आणि बारा हजार यांत फरक कशाचा? जड धातूची बॉडी, आवाज दाबायला आत फोम, झिजून गुळगुळीत न होणाऱ्या पीबीटी प्लॅस्टिकच्या कॅप, तीन यंत्रांना जोडणारं ब्लूटूथ, रंगीत दिवे. छान असतं, हाताला जाणवतंही. पण तीनशेवरून तीन हजारांवर गेल्यावर जो फरक कळतो, तेवढा तीनवरून बारावर गेल्यावर मला तरी कळला नाही. माझी एक मैत्रीण तसला वापरते, मी तिच्याकडे तासभर बसून पाहिलंय.

खोक्यावरच्या आकड्यांचंही असंच आहे. सेकंदाला आठ हजार वेळा संकेत पाठवणारा माऊस म्हणे! साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा पाठवतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी एकदा. साध्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर चित्रच सुमारे १७ मिलिसेकंदांनी बदलतं. स्पर्धेत गेम खेळणाऱ्याला त्याचा उपयोग असेल, एक्सेल भरणाऱ्याला नाही. डीपीआयचंही तेच. खोक्यावर वीस-पंचवीस हजार लिहिलेलं असतं आणि बहुतेक जण काम करतात ८०० ते १६००च्या मध्ये.

माऊसच्या बाबतीत किमतीपेक्षा माप महत्त्वाचं. चप्पल जशी पायात घालून घेतो तसा माऊस हातात धरून घ्यावा. लहान हाताला मोठा माऊस दिला की बोटं दिवसभर ताणलेली राहतात, मोठ्या हाताला चिमुकला दिला की पंजा आखडतो. सिल्व्हर मॉलमध्ये एक चक्कर मारून चार-पाच माऊस हाताळून पाहायला काही पैसे पडत नाहीत. मनगटाचा त्रास असेल तर उभा माऊस, म्हणजे हस्तांदोलनासारखा हात ठेवायचा तो, निदान वापरून पाहावा. काहींना मानवतो, काहींना नाही.

आणि किंमत म्हणजे टिकाऊपणाची हमी नव्हे. माझा चार हजारांचा माऊस अठरा महिन्यांत एका क्लिकला दोन क्लिक करू लागला. फाइल निवडायला जावं तर ती उघडायची. आत टिचकीएवढा स्विच असतो, त्याची पत्ती थकली की असं होतं. वॉरंटी वर्षाचीच होती. शेवटी दुरुस्तीवाल्या भैयाने दीडशे रुपयांत स्विच बदलून दिला, तो माऊस अजून चालतोय. तेव्हापासून मी खोक्यावर आधी वॉरंटीची वर्षं वाचते.

एक मुद्दा खास आपल्यासाठी. महाग कीबोर्डांवर देवनागरी अक्षरं जवळपास नसतातच. त्याने अडू नका. इन्स्क्रिप्टची रचना १९९१ पासून आपल्या मानक ब्युरोच्या मानकात आहे आणि विंडोजमध्ये फुकट मिळते. स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क जिथे, शिफ्ट धरून तिथेच ख. ग तिथेच घ. ल वर शिफ्ट धरला की आपला ळ. एकदा तर्क कळला की छापील अक्षरं लागत नाहीत. मात्र शिफ्ट फार लागतं, म्हणून घेताना दोन्ही शिफ्ट करंगळीने सहज दबतात का ते पाहा. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्या आमच्या भाच्याने हे शिकायचं कबूल केलंय. ते वचन मी इथे छापून ठेवते.

आता पैशांचा हिशेब. भाचा म्हणाला, "आत्या, पाच वर्षं वापरला तर?" केला हिशेब. वर्षाला तीनशे दिवस धरले तर पाच वर्षांचे दीड हजार दिवस. बारा हजारांचा कीबोर्ड रोजचा आठ रुपयांना पडला, तीन हजारांचा दोन रुपयांना, आणि पाचशेचे तीन बदलावे लागले तर एक रुपयाला. भाचा खूश झाला, आठ रुपये म्हणजे काय! पण असं भागायला घेतलं तर सगळंच स्वस्त वाटतं, हप्त्यावर वस्तू विकणारेही हेच करतात. विचारायचं ते असं, की दोनाचे आठ केल्यावर वरच्या सहा रुपयांत मला रोज काय मिळतं?

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "खरं सांगू? दिसायला जाम भारी आहे. ऑफिसात दोघांकडे आहे."

मला हे ऐकायचं होतं. मी त्याला म्हटलं, यात काही वाईट नाही. आपल्या कमाईतून एखादी आवडती वस्तू माणसाने घ्यावी. दादाने पहिल्या पगारात टेपरेकॉर्डर घेतला होता, त्याची तेव्हा काहीही गरज नव्हती. (वर्तमानपत्रामागून "होती" असा आवाज आला.) पण हौस असेल तर आईला हौस म्हणूनच सांग. गरज म्हणून गळी उतरवायला जाऊ नकोस, कारण उद्या खरंच गरज असेल तेव्हा ती विश्वास ठेवणार नाही. आणि वहिनीला म्हटलं, नऊ तास हात चालवणाऱ्या मुलाला साडेचारशेच्या कीबोर्डवर बसवून वाचवलेले पैसे उगाच वाचवलेले आहेत. आपण कणीक मळायला परात बघून घेतोच की.

मग मी विचारलं, "तू बसतोस कुठे?" उत्तर आलं, "पलंगावर. उशी मांडीवर घेऊन."

वहिनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

शेवटी ठरलं ते असं. आधी टेबल आणि पाठीला आधार देणारी खुर्ची, त्यात सात-आठ हजार गेले. तपकिरी स्विचचा, आकड्यांच्या चौकोनाशिवायचा, हॉट-स्वॅप कीबोर्ड अट्ठावीसशेला मिळाला. माऊस नऊशेचा, पण हातात धरून निवडलेला. बारा हजारांवाल्याचं काय करायचं ते तो दिवाळीत ठरवणार आहे, तेव्हाही हवासा वाटला तर. माझा तो टक्‌टक्‌ करणारा साडेआठ हजारांचा मात्र वहिनी घेऊन गेली. ती महिला मंडळाचे हिशेब एक्सेलवर करते, तिला आकड्यांचा चौकोन लागतो आणि तिच्या शेजारच्या खोलीत कोणी झोपत नाही. परवा फोनवर म्हणाली, "अगं, मस्त वाजतो!"

तुम्ही कुठे बसून काम करता ते एकदा बाहेरच्या नजरेने पाहा. घरातल्या कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. माझा फोटो मी दोन वर्षं आधी काढला असता, तर ते तीन आठवडे वाचले असते.